ओशाळरेषा

तानाजी पिसाळच्या उजव्या हाताची चार बोटे पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली, त्याला जबाबदार कोण हे ठरवायला यंत्राला मिनिटसुद्धा लागले नाही. रुग्णवाहिका कारखान्याच्या फाटकाबाहेर पडायच्या आत सुरक्षा कार्यालयातल्या स्क्रीनवर नाव आले होते : रमजान मुलाणी, प्रेस चालक. नावापुढे लाल ठिपका आणि खाली दोन उंचवट्यांची रेघ.

वैजयंती भोईटे त्या स्क्रीनसमोर उभ्या होत्या. त्या या कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी होत्या आणि निंबखिंड औद्योगिक वसाहतीतल्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या संघाच्या सचिवही. रमजानच्या मनगटावरचा पट्टा वसाहतीत आणला त्यांनीच. त्यातून निघणारी रेघ कशी वाचायची, हे जिल्हाभरच्या अधिकाऱ्यांना शिकवले त्यांनीच. आणि ती रेघ चुकीच्या माणसाकडे बोट दाखवते आहे, हे त्या क्षणी ज्या दोघांना माहीत होते त्यांतल्या एक त्याच होत्या.

दुसरा दारात येऊन उभा राहिला. निवृत्ती जगताप, कंत्राटी इलेक्ट्रिशियन. फडक्याला हात पुसत, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, चावी फिरवली परत. पडदा चालू झालाय."

वैजयंतीबाईंनी मान हलवली. मग तो निघून गेला.

पट्ट्याचे कागदोपत्री नाव 'सजग'. तो ज्या अडचणीतून जन्माला आला ती अडचण कारखान्यांइतकीच जुनी होती. ज्या यंत्रावर एखाद्याचे बोट जाते, त्या यंत्रावर त्याआधी कितीतरी वेळा कुणाचे ना कुणाचे बोट थोडक्यात वाचलेले असते. ते कुणी सांगत नाही. सांगितले तर पहिला प्रश्न येतो, 'तुझं लक्ष कुठं होतं?' म्हणून माणूस इकडेतिकडे बघतो, हात चड्डीला पुसतो आणि पुन्हा कामाला लागतो. सुरक्षा अधिकाऱ्याला कळते ते थेट रक्त सांडल्यावर.

पुण्यातल्या एका शरीरशास्त्रज्ञ बाईंनी यावर साधा विचार केला. माणूस सांगत नसेल, पण त्याचे शरीर सांगतेच. दचकलेल्या माणसाचे स्नायू आवळतात, नाडीची लय मोडते, कातडीला दमटपणा येतो आणि हे सगळे पापणी लवायच्या आत होते. मनगटावर बांधलेल्या पट्ट्यातून हिरवा प्रकाश कातडीत शिरतो आणि खाली रक्त जसे कमीजास्त वाहत असेल तसा कमीजास्त परततो. तो टिपून पट्टा रेघ काढत राहतो. दचकण्याचा उंचवटा त्या रेघेवर सुळक्यासारखा दिसतो.

प्रयोग चालू असताना बाईंना त्या सुळक्यामागे आणखी एक उंचवटा आढळला. तो बुटका आणि रुंद होता, काही सेकंदांनी चढायचा आणि सावकाश उतरायचा. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडून तिथे रक्त भरल्याचे ते चिन्ह होते. सगळ्यांच्या रेघेवर तो दिसत नव्हता. दुसऱ्याच्या चुकीने दचकलेल्या माणसाची रेघ सुळक्यानंतर सपाट होई. आपण चुकलो असे ज्याला वाटले, त्याच्याच रेघेवर तो दुसरा उंचवटा चढे. शोधनिबंधात त्याला लांबलचक नाव होते. निंबखिंडीतल्या कामगारांनी पहिल्याला 'दचक' म्हटले, दुसऱ्याला 'ओशाळ', आणि पट्ट्याला 'लाजपट्टी'. कुणाच्या हातून पाना निसटला की शेजारच्या यंत्रावरून हाक येई, "लाजला का रं?" एकाच्या बायकोने म्हणे पट्टा घरी आणता येतो का अशी चौकशी केली होती.

पट्ट्याची एक मर्यादा होती आणि ती माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेली होती. नवा पट्टा बांधला की पहिले काही दिवस तो गप्प असतो. या माणसाचे रक्त एरवी कसे वाहते, ते तो शिकत असतो. त्या नेहमीच्या पातळीच्या वर जे चढेल तेवढेच त्याला कळते.

संघाने पट्टा स्वीकारला तो दचकेसाठी. वैजयंतीबाईंनी वसाहतीतल्या एकेका कारखान्यात जाऊन, शेडमध्ये स्टुलावर उभे राहून कामगारांना तो समजावला. नावे कुणाला कळणार नाहीत, असे वचन दिले. कारखान्याच्या नकाशावर दचकांचे ठिपके उमटू लागले आणि जिथे ठिपक्यांचे पुंजके झाले तिथे काहीतरी निघालेच. कुठे तेल गळणारा जिना, कुठे यंत्राचा अर्धवट उघडा फिरता पट्टा, कुठे सूर्य पश्चिमेला गेला की थेट चालकाच्या डोळ्यांत येणारी खिडकी. दुरुस्त्या झाल्या. पुढच्या वर्षी अख्ख्या वसाहतीत एकाचेही बोट गेले नाही. राज्यभरातले संघ बघायला आले. सरकारने प्रेस चालकांची प्रमाणपत्रे देण्याचे आणि काढून घेण्याचे काम संघाकडे सोपवले.

मग कारखानदार आणि विमा कंपन्या विचारू लागल्या की दुसरी रेघ तुमच्याकडे आहेच, तर ती झाकून का ठेवता? संघाच्या सभेत दोन तास चर्चा झाली. शेवटी मसुदा वैजयंतीबाईंनी लिहिला. अपघात झाल्यास ज्याची ओशाळ सर्वांत उंच, त्याच्यापासून चौकशीची सुरुवात करावी, असे त्यात होते. सुरुवात हा शब्द त्यांनी विचारपूर्वक घातला होता. वर्षभरात चौकशा तिथेच सुरू होऊन तिथेच संपू लागल्या, कारण माणसे नाकारीतच नव्हती. ओशाळ दाखवली की मान खाली जायची.

त्याच सभेत कुणीतरी विचारले होते की पट्टा अधिकाऱ्यांनीही बांधायचा का? संघाचे अध्यक्ष अरविंद शहाणे म्हणाले, "आपण कुठं प्रेसमध्ये हात घालतो?" सभा हसली. वैजयंतीबाईही हसल्या. कंत्राटी माणसांचा विषय निघालाच नाही.

आता चावीविषयी.

निंबखिंडीत खंडेनवमीला यंत्रे धुऊनपुसून त्यांची पूजा होते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. पूजा झाली की यंत्र एकदाच चालवून थांबवायचे, असा रिवाज आहे. त्याला 'मानाचा ठोका' म्हणतात. ठोका दिल्याशिवाय पूजा पुरी झाली असे कुणी मानत नाही.

या वर्षी संघाने आपली सार्वजनिक पूजा वैजयंतीबाईंच्या कारखान्यात ठेवली. वसाहतीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत निर्धोक प्रेस म्हणून तिथला प्रेस निवडला. सगळे सुरक्षा अधिकारी आले, अध्यक्ष आले, छायाचित्रकार आला. प्रेसच्या तोंडावर आडवी भरगच्च माळ सोडली होती. शहाण्यांनी दोन्ही हातांनी दोन बटणे दाबली. प्रेस हलला नाही.

त्याचे कारण तिथल्या प्रत्येकाला कळत होते. प्रेसच्या तोंडावर, तसाच मागच्या बाजूलाही, एकाच चावीवर चालणारा प्रकाशाचा पडदा असतो. एका खांबातून निघालेले किरण समोरच्या खांबात पोचत असतील तरच प्रेस खाली येतो. मध्ये हात आला, की थांबतो. पडद्याला माळ आणि हात यांतला फरक कळत नाही. त्याने आपले काम केले होते.

माळ काढू या, असे कुणीतरी सुचवले. छायाचित्रकार म्हणाला, माळेशिवाय फोटोत आहे काय? पाहुणे खोळंबले होते. वैजयंतीबाईंनी निवृत्तीला खुणेने बोलावले आणि सांगितले, "घटकाभर पडद्याची चावी फिरव." त्याने फिरवली. शहाण्यांनी बटणे दाबली, प्रेसची सरक, म्हणजे वरून उतरणारा जड ठोकळा, डौलात खाली आली, कॅमेरा चमकला, टाळ्या पडल्या. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. मग पेढे वाटायचे होते, पाहुण्यांना शाल द्यायची होती, गाड्या काढायच्या होत्या.

पडदा बंद असला की प्रेसच्या माथ्यावर पिवळा दिवा लागतो. त्या दिव्याच्या काचेवर कुणीतरी भक्तिभावाने हळदीकुंकवाची बोटे ओढली होती. दसऱ्याची सुट्टी गेली. तिसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला रमजान आणि तानाजीने माळ उतरवली, प्रेसला हात लावून नमस्कार केला आणि काम सुरू केले. रमजान पुढून पत्रा सरकवायचा आणि दोन्ही हातांनी बटणे दाबायचा. तानाजी मागच्या बाजूने तयार भाग उचलायचा. तानाजीचा हात आत असला तर प्रेस उतरणारच नाही, या भरवशावर दोघांची लय इतकी वर्षे बसली होती. बटण दाबताना रमजान तानाजीकडे बघत नसे. बघायची गरजच नव्हती.

चौकशीला आलेल्या पथकाला पडदा चालू स्थितीत सापडला. पेन्सिल घातली, प्रेस थांबला. हात घातला, प्रेस थांबला. यंत्र जुने होते, पडदा मागाहून बसवलेला, त्यामुळे चावी कधी फिरली याची खूण कुठे राहत नव्हती. निवृत्तीला कुणी काही विचारले नाही. रमजानच्या रेघेवरची ओशाळ वसाहतीत आजवर नोंदलेल्या ओशाळींत सर्वांत उंच होती.

वैजयंतीबाई त्याला भेटायला शेडमध्ये गेल्या. प्रेस बंद होता, तो एका पेटीवर बसला होता. त्यांनी आडून विचारले की, पडद्याबद्दल त्याला काही म्हणायचे आहे का? सरक खाली येताना नेहमीपेक्षा काही वेगळे जाणवले का? त्याने एखादी शंका काढावी, एवढेच त्यांना हवे होते. ती धरून त्या पुढे गेल्या असत्या.

"पडद्याचं काय, मॅडम? तपासला की सगळ्यांनी," तो म्हणाला. "दाबलं म्याच."

"तुम्ही रोजच दाबता."

"पर त्या दिशी पट्ट्यानं सांगितलं ना." त्याने मनगट पुढे केले. "तुम्हीच शिकवलंय आमाला. जीभ खोटं बोलंल, कातडी न्हाय बोलणार."

हे वाक्य खरोखरच त्यांचे होते. स्टुलावर उभे राहून त्यांनी ते प्रत्येक शेडमध्ये म्हटले होते आणि प्रत्येक शेडमध्ये त्यावर माना डोलल्या होत्या.

सातव्या दिवशी त्या साताऱ्याच्या दवाखान्यात तानाजीला भेटायला गेल्या. सांगायचे ठरवूनच गेल्या होत्या. गाडीत वाक्येही जुळवली होती. तानाजीची बायको कमल खाटेशी बसली होती. विमा कंपनीचा संदेश तिच्या फोनवर आदल्याच दिवशी आला होता. अपघाताचे कारण मानवी चूक, चूक करणाऱ्याचे नाव रमजान मुलाणी. नियमाप्रमाणे कुटुंबाला कळवावे लागते. हा नियमही संघाचाच, पारदर्शकतेसाठी केलेला.

वैजयंतीबाई पोचल्या तेव्हा रमजान दारात उभा होता. हातात स्टीलचा दोन खणी डबा. मुलाणी आणि पिसाळ एकाच वस्तीत राहत. ईदेचा शिरखुर्मा या घरातून त्या घरात जाई, दिवाळीचा फराळ त्या घरातून या घरात. कमल त्याला भावजी म्हणे.

त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. ती वैजयंतीबाईंशी बोलली. "मॅडम, या माणसाला सांगा, हितं येत जाऊ नका म्हणावं."

तानाजी भिंतीकडे बघत होता. रमजानने डबा बाहेरच्या बाकावर ठेवला आणि तो जिन्याकडे वळला. त्याच्या मनगटावरचा पट्टा थरथरलेला वैजयंतीबाईंना दिसला. ओशाळ नोंदली की तो थरथरतो.

कमलने त्यांना खुर्ची दिली. पदराने पुसून दिली. "तुमच्या पट्ट्यामुळं कळलं तरी," ती म्हणाली. "न्हायतर मी जन्मभर त्याच माणसाला भावजी म्हणत बसले असते. तुमचं लई उपकार झालं बघा."

वैजयंतीबाई खुर्चीवर बसल्या. तानाजीला औषधे वेळेवर मिळतात का, असे त्यांनी विचारले. कृत्रिम बोटांसाठी अर्ज करता येईल, अशी माहिती दिली. जुळवलेल्या वाक्यांतले एकही बोलल्या नाहीत. निघताना कमल फाटकापर्यंत सोडायला आली.

कार्यालयात परतल्यावर त्यांनी कपाटातून एक नवा पट्टा काढला आणि स्वतःच्या मनगटावर बांधला. हे का केले, ते त्यांनी पुढे आपल्या नवऱ्याला सांगितले. स्वतः बोलायचे धैर्य होत नव्हते, पण पट्ट्याने पकडले असते तर बोलावेच लागले असते. पट्टा त्यांच्या बाजूने बोलेल, अशी त्यांना आशा होती. त्या जेवताना मनगटाकडे बघत, सह्या करताना बघत, रमजानच्या बंद प्रेसजवळून जाताना मुद्दाम थांबून बघत. पट्टा थरथरला नाही. नवऱ्याने हसत म्हटले, "सुरक्षा अधिकाऱ्याला लाज नसतेच बहुतेक." मग त्यांचा चेहरा पाहून त्याने हसणे आवरले, काय झाले विचारले, आणि त्यांनी सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता कुणाला सांगणार आहेस?"

त्या म्हणाल्या, "संघाला. सुनावणी आहे."

सुनावणी संघाच्या सभागृहात होती. त्या दिवशी शिक्कामोर्तब झाले असते तर रमजानचे प्रमाणपत्र कायमचे गेले असते आणि राज्यातल्या कुठल्याही प्रेसवर त्याला उभे राहता आले नसते. त्याच आठवड्यात संघाचे वार्षिक अधिवेशनही होते, त्यामुळे व्यासपीठामागची भिंत भरून मोठा फलक लावला होता. पट्टा राज्यभर सक्तीचा करण्याचा सरकारचा विचार होता, आणि त्यासाठीच्या समितीवर वैजयंतीबाईंचे नाव जवळजवळ पक्के होते. समोर वसाहतीतले सगळे सुरक्षा अधिकारी बसले होते. रमजानला बाहेर बाकावर थांबवले होते. चालकाला आत बोलावायची पद्धत नव्हती, त्याची रेघ आत असे.

शहाण्यांनी अहवाल वाचला आणि कुणाला काही म्हणायचे आहे का, असे उपचार म्हणून विचारले. वैजयंतीबाई उठल्या. खंडेनवमीला पडदा आपण बंद करायला सांगितला, तो पुन्हा चालू झाला की नाही हे पाहिले नाही, अपघाताच्या वेळी तो बंद होता, आणि अपघातानंतर तो चालू केल्याचे कळूनही आपण गप्प राहिलो, असे त्यांनी सांगितले. चावी फिरवणाऱ्याचे नाव त्यांनी घेतले नाही. ज्याने फिरवली त्याने आपले ऐकले, एवढेच म्हणाल्या.

सभागृहात कुजबुज झाली. शहाण्यांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज मायेचा होता. "भोईटेबाई, तुमच्या खात्यात अपघात झाला, तुम्हाला लागून राहिलंय. आम्ही समजू शकतो. पण चौकशीत पडदा चालू होता. आणि तुम्ही स्वतः पट्टा बांधलेला दिसतोय. तोच बघू या ना."

नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हते. तंत्रज्ञाने पट्टा जोडला. स्क्रीनवर त्यांची गेल्या काही दिवसांची रेघ आली. सपाट केलेल्या शेतासारखी. आता, कबुली देतानाचा भागही तसाच.

"बघा," शहाणे म्हणाले. "तुमचंच यंत्र सांगतंय. तुमची चूक नाही."

वैजयंतीबाईंनी माहितीपत्रकातल्या त्या मर्यादेची आठवण करून दिली. पट्टा त्यांनी अपघातानंतर बांधला होता. तो जे शिकला ते आधीच लाजलेल्या बाईचे रक्त होते. त्या लाजेलाच तो नेहमीची पातळी समजत होता. काहींनी मान हलवली. एकाने म्हटले की, हे शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे, पण शक्य असणे म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्याने घड्याळ पाहिले. शहाण्यांनी ठरावाचा कागद पुढे ओढला.

वैजयंतीबाईंनी वर पाहिले, ते नेमके शहाण्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे. अधिवेशनाच्या फलकावर खंडेनवमीचाच फोटो छापला होता. शहाणे बटणांवर हात ठेवून हसताहेत, आजूबाजूला अधिकारी टाळ्या वाजवताहेत, खाली ठळक अक्षरांत 'सुरक्षित हात, समृद्ध उद्योग'.

"मागं बघा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "माळ कुठं आहे?"

सगळ्यांनी पाहिले. माळ प्रेसच्या तोंडावर आडवी होती.

"आणि सरक कुठं आहे?"

सरक खाली आलेली होती. झेंडूच्या माळेमागे, पूर्ण खाली.

समजावून सांगायची गरज पडली नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाने आयुष्य प्रेसच्या पडद्यांत घालवले होते. माळ किरणांत असताना सरक खाली येण्याचा एकच मार्ग असतो. तो फोटो आठवडाभर त्या भिंतीवर होता. त्याखाली चहा झाला होता, सभा झाल्या होत्या. फोटोतले लोकही तेच होते. जो तो फलकावर आपले टाळ्या वाजवणारे हात शोधत होता आणि सापडले की खाली बघत होता. त्यांच्यापैकी कुणाच्याही मनगटावर पट्टा नव्हता. तंत्रज्ञ उगाचच वायर गुंडाळत राहिला.

शहाणे बराच वेळ वळून बघत होते. मग म्हणाले, "ठोका मी दिला होता."

रमजानचे प्रमाणपत्र कायम राहिले. वैजयंतीबाईंचे प्रकरण सरकारी निरीक्षकांकडे पाठवायचे ठरले, आणि शहाण्यांनी आपलेही नाव त्यात घालायला सांगितले. पट्ट्याच्या दुसऱ्या रेघेचा वापर स्थगित झाला. ठरावाला अनुमोदन द्यायला कुणी हात वर करीना, शेवटी एकाने बसल्या बसल्या "अनुमोदन" म्हटले.

बाहेर बाकावर रमजान होता. वैजयंतीबाईंनी त्याच्यासमोर उभे राहून सगळे पुन्हा सांगितले. प्रमाणपत्र वाचल्याचे आधी सांगितले. त्याने त्यावर मान डोलवली, पण चेहरा उजळला नाही. माळ, चावी, दिवा हे तो लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने विचारले, "कवापासनं ठाऊक हुतं तुमाला?"

"त्याच दिवसापासून."

"म्हंजे दवाखान्यात वहिनी बोलली तवा?"

"हो."

"तुम्ही तितंच हुता की."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त जागा लावून बघत होता. कोण कुठे उभे होते, दार कुठे होते, बाक कुठे होता.

"सर्टिफिकेटाचं काय न्हाय, मॅडम," तो म्हणाला. "हितं उद्या सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिकडं आधी सांगायला पायजे हुतं."

त्यांनी त्याला सोबत येण्याविषयी विचारले. तो नको म्हणाला. आपण गेलो तर कमलला वाटेल की, आपणच मॅडमना घेऊन आलो. त्याने पट्टा सोडला, बाकावर ठेवला आणि तो चालू लागला. काही पावलांवर थांबून म्हणाला, "आणि मॅडम, दाबलं म्याच. ते तुमी कितीबी सांगितलं तरी ऱ्हाणार."

पिसाळांचे घर वसाहतीच्या मागच्या वस्तीत होते. तानाजीला दोन दिवसांपूर्वी घरी आणले होते. दार उघडेच होते. कमलने त्यांना पाहिले आणि ती लगबगीने पुढे आली. "या की मॅडम, या," म्हणत तिने चटई झटकली, आतल्या अंगाला वळून नवऱ्याला सांगितले की मॅडम आल्यात, पाण्याचा तांब्या भरला, चहाचे आधण चढवले. तानाजी भिंतीला टेकून बसला होता. डाव्या हाताने सदऱ्याचे बटण लावण्याची त्याची खटपट चालली होती.

वैजयंतीबाई बसल्या नाहीत. "कमलताई, चहा नको," त्या म्हणाल्या. "आधी ऐकून घ्या. रमजानभाईंची चूक नव्हती. माझी होती."

मग त्यांनी सांगितले. चौथ्यांदा सांगताना वाक्ये सफाईदार यायला हवी होती, पण ती आली नाहीत. दवाखान्यापाशी येऊन त्या अडखळल्या, आणि तेही सांगितले, की तुम्ही उपकार मानलेत तेव्हा मला सगळे माहीत होते.

कमल ऐकत होती. आधणाचे पाणी उकळून भांड्याबाहेर येऊ लागले तेव्हा तिने जाऊन गॅस बंद केला. परत आली नाही. फळीवर हात नेऊन तिने एक स्टीलचा दोन खणी डबा काढला. घासून पुसून पालथा घातलेला. त्या दिवशी बाकावर राहिलेला. आतले अन्न तिने न बघताच कुणाला तरी देऊन टाकले होते, पण डबा कुणाचा ते ती विसरली नव्हती. तिने तो उघडला आणि घरात इकडेतिकडे पाहिले. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो. साखरेच्या बरणीतून तिने दोन मुठी साखर घेतली, एका खणात टाकली, झाकण दाबले.

पायात चपला सरकवून ती वैजयंतीबाईंच्या अगदी जवळून बाहेर पडली. त्यांच्याकडे तिने बघितले नाही. मुलाण्यांच्या घराकडे जाणाऱ्या बोळात तिची पावले वाजली.

तांब्यातले पाणी तसेच होते. वैजयंतीबाई तानाजीसमोर उभ्या राहिल्या. त्याचे बटण अजून लागले नव्हते. मदतीला हात पुढे करावा असे त्यांना वाटले, पण तो पुढे झाला नाही.

तानाजीने बटण सोडून दिले आणि पहिल्यांदा वर पाहिले.

"जाताना दार लोटून घ्या," तो म्हणाला.